सीटखालची कुरकुर थांबवणाऱ्या साताऱ्याच्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

दर पायडलला ‘कर्र’ करणारी माझी सायकल तुम्ही गप्प केलीत, त्याबद्दल हे पत्र. दुकानात आभार मानायला लागलो तेव्हा तुम्ही ‘बरं बरं’ म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाच्या पंक्चरकडे वळलात. म्हणून आता चारचौघांत लिहितो, म्हणजे तुम्हाला ऐकून घ्यावंच लागेल.

तुमच्याकडे येण्याआधी एका दुकानात सायकलला हात न लावताच ‘बीबी गेली’ असा निकाल लागला होता. बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट, पायडलचा आस ज्यात फिरतो ते बेअरिंग. तसं वाटणं साहजिकही आहे. आवाज क्रँकच्या, म्हणजे पायडलच्या दांड्याच्या, प्रत्येक फेऱ्याला येत होता आणि खालूनच येतोय असं वाटत होतं. पण पाय दाबला की अंगाचं वजनही सीटवर त्या बाजूला सरकतं, त्यामुळे सीट पोस्टची, म्हणजे सीट ज्या दांड्यावर बसते त्याची, कुरकुरसुद्धा पायडलच्याच तालावर येते. आणि फ्रेमचे पाइप पोकळ असल्याने वरचा आवाज खाली घुमतो. हे मला तुमच्याकडे कळलं.

तुम्ही पाना हातात घेतलाच नाहीत. म्हणालात, “जरा उभं राहून चालवा की.” उभा राहिलो, आवाज बंद. मग बसवलंत, पायडल थांबवायला लावलंत आणि नुसतं बूड डावी-उजवीकडे हलवायला सांगितलंत. कर्र! “बीबीला काय झालं न्हाई ओ. बसायच्या जागीच हाय.” कुठलाही पार्ट न खोलता अर्ध्याहून जास्त काम तिथेच झालं होतं. माझ्या लेखी तुमची खरी कारागिरी हीच.

पुढचं काम तुम्ही मला शेजारी बसवून दाखवलंत, तेही मुद्दाम सावकाश. आधी पोस्टवर इन्सुलेशन टेपचा वेढा, म्हणजे सीटची उंची नंतर शोधत बसायला नको. पोस्ट बाहेर आली तर तिच्यावर पांढरी भुकटी धरलेली. फ्रेम स्टीलची, पोस्ट अ‍ॅल्युमिनियमची, मध्ये घाम आणि पावसाचं पाणी. दोन धातूंचं असं जमलं की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं आणि पोस्ट कायमची चिकटूही शकते. मग हॅक्सॉने कापून काढायची वेळ येते म्हणालात, तेव्हा पोटात गोळा आला. सायकल उलटी केलीत तर आतून तांबूस पाणी गळलं. कासच्या रस्त्यावर मागचं चाक जे पाणी उडवतं, ते कॉलरच्या, म्हणजे पोस्ट आवळणाऱ्या कड्याच्या, मागच्या फटीतून थेट आत जात होतं.

पाइप आतून फडक्याने कोरडा केला, पोस्ट घासून पुसली, ग्रीसचा पातळ हात फिरवला. पण मुख्य चोर वर निघाला. सीटखालच्या दोन सळ्या ज्या क्लॅम्पमध्ये धरतात, त्याच्या दातऱ्यांत बारीक रेती भरली होती. तुम्ही ती जुन्या टूथब्रशने आणि रॉकेलने एखाद्या सोनाराच्या निगुतीने काढलीत. बोल्टच्या आट्यांना आणि डोक्याखाली ग्रीस लावलं, सळ्या कोरड्या पुसल्या, मग आवळलं. कॉलरवर ५ एनएम (न्यूटन-मीटर, म्हणजे आवळायच्या जोराची मर्यादा) लिहिलेलं दाखवून म्हणालात, “ह्याच्यावर जोर करायचा न्हाई, पोस्ट चेपती.” पोस्टवरची ‘इथपर्यंत आत हवी’ ही रेघही तपासलीत, माझ्या लांब पायांमुळे ती जेमतेम आत होती.

हे वाचून कोणी लगेच ग्रीसचा डबा उघडणार असेल तर एक सांगतो. फ्रेम किंवा पोस्ट कार्बन फायबरची असेल तर ग्रीस नको, पोस्ट घसरते. त्याला कार्बन पेस्ट मिळते, बारीक कणांची, ती लावावी. काकांनी मला हे दोनदा बजावलं, माझ्याकडे कार्बनचं काही नसतानाही.

एवढं सगळं करून तुम्ही जे पैसे सांगितलेत, त्यात बीबीचा एक कपसुद्धा आला नसता. मी जास्त देऊ लागलो तर “पार्ट कुठं घातलाय?” असं विचारलंत. काका, पार्ट न घालता गाडी नीट करणं याचेच जास्त पैसे घ्यायला हवेत, हे माझं मत मी अजून सोडलेलं नाही. पुढच्या वेळी यावर भांडू.

पावसाळा संपला की पोस्ट काढून पुन्हा ग्रीस करायचं, हे तुमचं फर्मान लक्षात आहे. दसऱ्याच्या सुमारास येतो. तेव्हा बोल्ट मी आवळणार, तुम्ही स्टुलावर बसून फक्त बघायचं. आणि चहाचे पैसे मी देणार, समोरच्या टपरीवाल्याला तसं आधीच सांगून ठेवलंय.

तुमचा,
यवतेश्वरच्या घाटात धापा टाकणारा एक गिऱ्हाईक