फाल्गुनातला पाऊस आणि ६५ मिलिमीटरची पट्टी

प्रति,
माननीय कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : थंडी सरतानाच्या बदलत्या हवेची नोंद आणि द्राक्षबागांचे नुकसान ठरवण्याची पद्धत

महोदय,

सविनय नमस्कार.

नाशिक जिल्ह्यात कादवेच्या काठी असलेल्या एका लहान बाजारगावातून हे पत्र लिहीत आहे. गावाचे नाव मुद्दाम देत नाही. नाव दिले की पत्र वरून खाली येते, त्यावर ‘तपासून अहवाल सादर करावा’ असा शेरा पडतो आणि मोटारसायकलवर आठ गावे सांभाळणाऱ्या आमच्या कृषी सहायकाला खुलासा लिहीत बसावे लागते. माझे म्हणणे त्याच्याविषयी नाही, किंबहुना कोणा एका कार्यालयाविषयीही नाही. मी बत्तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर वडिलोपार्जित अडीच एकर थॉमसन द्राक्षाची बाग पाहतो, आणि शाळेने मोडीत काढलेले पर्जन्यमापक व कमाल-किमान तापमापी परसात बसवून रोज सकाळी साडेआठ वाजता नोंद घेतो. घरचे याला नाद म्हणतात, आणि त्यात त्यांचे फारसे चुकते असेही नाही.

शिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत निघून जाते, असे आजीपासून ऐकत आलो आहे. यंदा ती गेली आणि चार दिवसांनी, विसरलेली पिशवी न्यायला यावे तशी परत आली. त्या आठवड्याची नोंद अशी आहे. सोमवारी पहाटे पारा ८.५ अंशांवर होता आणि दुपारी ३१ वर गेला. मंगळवारही तसाच. बुधवारी वारा फिरला, आग्नेयेकडून दमट झुळका येऊ लागल्या, आकाश भरून आले आणि रात्री स्वेटर काढून ठेवावा लागला, कारण किमान तापमान १७ च्या खाली उतरलेच नाही. गुरुवारी संध्याकाळी विजा कडाडून पंचवीस मिनिटे पाऊस झाला. माझ्या मापकात ७ मिलिमीटर पाणी साचले, तर नदीपलीकडच्या शिवारात हरभऱ्याएवढ्या गारा पडल्या. शुक्रवारी सकाळी नऊपर्यंत समोरचा विजेचा खांब दिसत नव्हता इतके धुके होते. शनिवारी उत्तरेचा कोरडा वारा आला आणि पारा पुन्हा ११ वर उतरला. रविवारी दुपारी ३४ अंश झाले. या सात दिवसांची सरासरी काढली, तर फेब्रुवारीच्या अखेरीला शोभेल असा एक निर्दोष आकडा हाती येतो, आणि अडचण नेमकी तिथेच आहे.

असे का होते, हे आपल्या खात्यातील तज्ज्ञ माझ्यापेक्षा चांगले सांगतील. तरी शिक्षकाची खोड म्हणून थोडक्यात लिहितो. या दिवसांत पश्चिमी प्रक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या कमी दाबाच्या प्रणाली, एकामागोमाग एक उत्तर भारतावरून पूर्वेकडे सरकत असतात. ते सरकले की मागून उत्तरेचे थंड, कोरडे वारे आपल्यापर्यंत येतात, आणि वाऱ्यांची दिशा बदलून समुद्रावरील बाष्प आत ओढले गेले की ढग जमतात. दिवस मोठा होत असल्याने ऊन चढते, पण आकाश निरभ्र असले की जमिनीची उष्णता रात्री भराभर निघून जाते. गोदावरी-कादवेचे खोरे सखल असल्याने थंड हवा त्यात उतरून साचते, म्हणूनच निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील किमान तापमानाचा आकडा नाशिक शहराच्या आकड्याहून बहुधा खालचा असतो आणि हिवाळ्यात वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर झळकतो. डिसेंबरातील या थंडीची बातमी होते. फाल्गुनातील हेलकाव्यांची होत नाही, आणि द्राक्षाचे खरे मरण या हेलकाव्यांत असते.

सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी केलेली बाग फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला येते. मण्यात साखर भरलेली असते, साल ताणून पातळ झालेली असते. दिवस-रात्रीच्या तापमानातील फरकाने हिरव्या मण्यावर गुलाबी छटा येऊ नये, आम्ही ज्याला पिंक बेरी म्हणतो ती होऊ नये, म्हणून डिसेंबरपासूनच घडाघडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतो. गुरुवारच्या पावसाने तोच कागद भिजून घडाला चिकटला. रात्री साडेनऊपासून मी, मुलगा आणि सूनबाई डोक्याला बॅटरी बांधून ओळीत होतो. मी कागद सोलत होतो, मुलगा तारा हलवून घड झटकत होता आणि सूनबाई पाठीवर पेट्रोलचा ब्लोअर घेऊन घडातले पाणी उडवत होती. पहाटे चारच्या सुमारास एका घडावर बॅटरी धरली, तेव्हा देठाजवळच्या सात-आठ मण्यांवर केसाएवढी बारीक चीर दिसली. चिरेतून रसाचा एक थेंब बाहेर आलेला, आणि त्या थेंबाला कागदावरची शाई लागून तो काळा झालेला. दोन दिवसांत त्या चिरेत बुरशी धरते. औषध फवारावे, तर माल निर्यातीला नोंदवलेला असल्याने फवारणी आणि काढणी यांत ठेवायचे प्रतीक्षेचे दिवस मोडतात आणि उर्वरित अंशाच्या तपासणीत कंटेनर अडकतो. न फवारावे, तर घड सडतो. शनिवारी व्यापारी आला, दोन घड तोडून उलटसुलट पाहिले आणि म्हणाला, ‘‘सर, माल चांगला आहे, पण दोन दिवस थांबून बघू.’’ सोमवारी ठरलेला दर किलोमागे नऊ रुपयांनी खाली आला. त्यालाही मी दोष देत नाही. पुढे त्याचा माल नाकारला, तर त्याला कोणी विचारणार नाही.

शेजारच्या वावरात काढून वाळत घातलेला रांगडा कांदा भिजला आणि ओंबीत आलेला गहू वाऱ्याने आडवा झाला. त्यांची कहाणी वेगळी आहे, आणि ती सांगायला त्यांचे मालक समर्थ आहेत.

आता मूळ मुद्दा. शुक्रवारी सकाळी मी मोबाइलवर आमच्या महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्राची आदल्या दिवसाची नोंद पाहिली. पाऊस : अर्धा मिलिमीटर. केंद्र माझ्या बागेपासून नऊ किलोमीटरवर आहे. यंत्र खोटे बोलले असे मी म्हणणार नाही, कारण तिथे खरोखरच तेवढाच पाऊस पडला असावा. आषाढ-श्रावणात ढगांचे आच्छादन अख्ख्या तालुक्यावर असते, तेव्हा मंडळात एक केंद्र चालून जाते. फाल्गुनातला पाऊस एका सुट्या ढगाचा असतो, तो एका शिवारात कोसळतो आणि बांधापलीकडे धूळही भिजवत नाही. ‘महावेध’ प्रकल्पातून मंडळनिहाय केंद्रे उभी राहिली, हे चांगलेच झाले. पण ज्या जाळीने मोठे मासे पकडता येतात, तिच्यातून मासोळी निसटली की ‘तळ्यात मासोळीच नव्हती’ असा अहवाल होऊ नये. पुनर्रचित हवामान आधारित फळपीक विमा योजनेत भरपाई ठरते ती याच केंद्राच्या आकड्यांवर, आणि गार तर या यंत्राला दिसतही नाही. गारपिटीचे वेगळे विमा संरक्षण घेतलेले असेल, तर ७२ तासांच्या आत कळवायचे, हा नियम आहे. त्या ७२ तासांतला बहुतेक वेळ आमचा ब्लोअर चालवण्यात जातो, हे नियम करणाऱ्यांच्या ध्यानात आले नसावे.

दुसरा मार्ग सरकारी मदतीसाठीच्या पंचनाम्याचा. तिथे ३३ टक्के किंवा अधिक नुकसान दिसावे लागते. पाऊस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी कोणी पाहायला आले, तर बाग हिरवीगार असते, चीर डोळ्यांना दिसत नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी आले, तर नासके मणी आम्ही कात्रीने काढून टाकलेले असतात, कारण ते ठेवले तर शेजारचा चांगला घडही जातो. म्हणजे नीट राखणाऱ्याच्या बागेत नुकसान कमी भरते आणि सडू देणाऱ्याच्या बागेत जास्त. यावर उपाय अवघड नाही. काढून टाकलेल्या मालाचे वजन आणि तारीख टाकलेला फोटो पुरावा म्हणून ग्राह्य धरावा, इतकेच पुरे. आणि सगळे जुळून आले, तरी केंद्र सरकारच्या २०२२-२६ च्या निकषांप्रमाणे बहुवार्षिक पिकाला हेक्टरी २२,५०० रुपये, तेही दोन हेक्टरांपर्यंत. एका हंगामाच्या औषधांचे बिलसुद्धा त्यात भागत नाही. परंतु आज रकमेचा वाद मांडत नाही, कारण मोजणीच चुकली, तर रक्कम वाढवूनही ती चुकीच्या दारात जाते.

शासकीय मनात पावसाची एक पट्टी पक्की बसलेली आहे : चोवीस तासांत ६५ मिलिमीटर झाला की अतिवृष्टी. अवेळी पावसाच्या मदतीला ही अट लागत नाही, हे मला ठाऊक आहे. राज्याने अवेळी पाऊस आपल्या अखत्यारीत आपत्ती मानला आहे, आणि गारपीट तर केंद्राच्याही यादीत आहे. तरीही कोणत्याही कार्यालयात पाऊल ठेवले की पहिला प्रश्न येतो, ‘‘किती मिलिमीटर झाला?’’ सात म्हटले की समोरचा माणूस पेन खाली ठेवतो. जुलैत ७ मिलिमीटर पावसाला आम्ही पाऊस म्हणतच नाही. तोच पाऊस पिकलेल्या घडावर पडून पुढे सकाळी नऊपर्यंत धुके राहिले, तर मणी चौदा-पंधरा तास ओला राहतो. नुकसान ठरते ते या ओल्या तासांवरून, आधीच्या थंडीने साल किती ताठरली होती त्यावरून आणि नंतर ऊन किती झपाट्याने चढले त्यावरून. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट किंवा २६ नोव्हेंबर २०२३ रोजी निफाड तालुक्याला झोडपणारी गारपीट यांची दखल सर्वांनी घेतली, पाहणी दौरे झाले, आणि ते योग्यच होते. माझे गाऱ्हाणे त्या वर्षांविषयी आहे, ज्यांत मोठे काहीच घडत नाही, फक्त असे दोन-तीन आठवडे येऊन जातात आणि हंगामाच्या शेवटी कर्जाचा हप्ता थकतो.

आणखी एक बाब. आमच्या जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी इगतपुरीच्या केंद्रातून निघतो. तिथली मंडळी मनापासून काम करतात. पण इगतपुरी घाटमाथ्यावरचे भाताचे गाव, पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणारे, तर निफाड-येवल्याच्या वाट्याला पाचशे-सहाशे. एकाच पत्रकात ‘जिल्ह्यात तुरळक ठिकाणी हलक्या पावसाची शक्यता’ असे वाचून मी बुधवारी सायंकाळी कागद काढावेत की ठेवावेत? मी ठेवले. ती चूक माझी, पण पुढच्या वर्षी ती मला करावी लागू नये.

म्हणून विनंती अशी. प्रत्येक ग्रामपंचायतीत स्वयंचलित पर्जन्यमापक बसवण्याचा केंद्राचा ‘विंड्स’ कार्यक्रम २०२३ मध्ये जाहीर झाला. त्यातील द्राक्षपट्ट्याचा, म्हणजे दिंडोरी, निफाड, चांदवड आणि बागलाणचा, भाग येत्या फळछाटणीपूर्वी पूर्ण करावा. यंत्रांची तासातासाची नोंद शेतकऱ्याला त्याच दिवशी, मराठीत आणि फुकट पाहता यावी, कारण आज हाती येतो तो दिवसाचा एकच आकडा, आणि तो विम्याच्या वादात नंतर उपयोगी पडत नाही. पुण्याजवळच्या मांजरी गावचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आणि राहुरीचे कृषी विद्यापीठ यांना एकत्र बसवून, मण्यात साखर भरल्यानंतरच्या काळासाठी विम्याचा निराळा निकष ठरवावा. त्यात मिलिमीटरबरोबर ओले तास आणि दिवस-रात्रीच्या तापमानातील फरक धरावा. हे निकष विम्याची जाहिरात निघण्याआधी बागाईतदारांना वाचायला द्यावेत. हप्ता भरून झाल्यावर ते कळून काय उपयोग? आणि सोमवारसारखी थंड पहाट आली की शेतीचा वीजपुरवठा कोणत्या पाळीत आहे यावर थंडीपासून बाग राखण्यासाठीचे आमचे ओलीत अवलंबून असू नये, एवढे ऊर्जा खात्याच्या कानावर घालावे.

यंत्रे येईपर्यंतची सोय मी सुचवतो. गावोगावच्या माध्यमिक शाळांत साधे हाताने मोजायचे पर्जन्यमापक ठेवावे आणि आठवी-नववीच्या मुलांनी रोज साडेआठला वाचलेला आकडा तलाठ्याने सहीनिशी नोंदवावा. आमच्या शाळेच्या मैदानात जागा मी मापून ठेवली आहे, लिंबाच्या झाडापासून आणि इमारतीपासून पुरेशी लांब, चहूबाजूंनी मोकळी. मुख्याध्यापक तयार आहेत, मुले तर कधीचीच तयार आहेत. त्या नोंदीला शासकीय कागदावर किंमत आहे, असे एक परिपत्रक तेवढे हवे आहे. सोबत माझ्या वहीतील गेल्या सहा वर्षांच्या फेब्रुवारी-मार्चच्या पानांच्या झेरॉक्स प्रती जोडल्या आहेत. काही पानांवर चहाचे डाग आहेत, त्याबद्दल क्षमस्व.

आपला नम्र,
एक निवृत्त भूगोल शिक्षक व द्राक्ष बागाईतदार,
जिल्हा नाशिक