डीव्हीडी रायटर बदलायचाय? आधी कॅबिनेट उघडून केबल बघा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात मोबाईलबद्दल दर आठवड्याला काही ना काही येतं, कोणता घ्या, कोणता नको, पण घरातल्या कंप्युटरचा डीव्हीडी रायटर, म्हणजे डिस्क वाचणारं आणि तिच्यावर राईट करणारं यंत्र, बंद पडला तर काय करायचं हे कोणीच लिहीत नाही, म्हणून आज मीच लिहायला बसलो. मी अमळनेरला लग्नाचं शूटिंग आणि मिक्सिंग करतो, त्यामुळे ही अडचण घेऊन येणारे लोक रोज भेटतात. चोपडा, पारोळा, शिरपूरकडून येतात. दुकानात गेले की त्यांना ठरलेलं उत्तर मिळतं, "आते हाई भेटस नही भाऊ", आणि मग नवा कंप्युटर गळ्यात मारायची तयारी सुरू होते. हे चुकीचं आहे. रायटर आजही मिळतो, कंप्युटरच्या आत बसवायचा पण आणि बाहेरून लावायचा यूएसबीवाला पण.

आणि लोकांना तो हवा असतो त्याचं कारणही तसंच आहे. २००५ ते २०१५ च्या दरम्यानची आपल्याकडची बहुतेक लग्नं, साखरपुडे, कानबाईचे कार्यक्रम, आजोबांची पंचाहत्तरी, सगळं डीव्हीडीवर आहे. त्याच्या आधीच्या व्हिडीओ कॅसेट होत्या त्या पण लोकांनी डीव्हीडीवर करून घेतल्या आणि कॅसेट फेकून दिल्या. म्हणजे ज्या बाई आज हयात नाहीत त्यांचा आवाज फक्त त्या चकतीत आहे आणि ती वाचणारं यंत्र घरात बंद पडलंय.

आता मुद्द्याचं. आधी रायटर खरंच गेलाय का ते बघा. सीडी चालते पण डीव्हीडी चालत नाही असं होत असेल तर पुष्कळ जण गोंधळतात, त्यांना वाटतं डिस्कच खराब आहे, पण सीडीसाठी आणि डीव्हीडीसाठी आत वेगवेगळा लेझर असतो, सीडीचा ७८० नॅनोमीटरचा आणि डीव्हीडीचा ६५० चा, त्यामुळे एक जाऊन दुसरा चालू राहू शकतो. दोन-तीन वेगळ्या डीव्हीडी टाकून बघा, एकही चालली नाही तर रायटर बदलायची वेळ झाली. ट्रे बाहेर येत नसेल तर मात्र घाई करू नका, आतला छोटा रबरी पट्टा सैल पडलेला असतो, कंप्युटर बंद करून पुढच्या बारीक भोकात सरळ केलेली यू-पिन घातली की ट्रे हाताने बाहेर येतो आणि अडकलेली डिस्क तरी सुटते.

रायटर बदलायचाच ठरलं तर दुकानात जायच्या आधी कॅबिनेटचं, म्हणजे कंप्युटरच्या डब्याचं, बाजूचं पत्र्याचं झाकण काढा आणि जुन्या रायटरच्या मागे कोणती केबल आहे ते बघून मोबाईलवर फोटो काढून घ्या. चपटी, चार बोटं रुंद, पट्टीसारखी केबल असेल तर तो आयडीई, म्हणजे जुन्या पद्धतीच्या जोडणीचा रायटर. बारीक केबल आणि तिच्या टोकाला इंग्रजी एल सारखी खाच असेल तर तो साटा, म्हणजे नव्या पद्धतीच्या जोडणीचा. आता नवे जे मिळतात ते साटाच. तुमच्या मदरबोर्डवर, म्हणजे कंप्युटरच्या आतल्या मुख्य सर्किटवर, साटाचं कनेक्शन नसेल तर आतला नवा रायटर तसाच जोडता येत नाही, सरळ यूएसबीवाला घ्या. मदरबोर्डवर साटा आहे पण जुन्या एसएमपीएसमधून (कंप्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यातून) फक्त चार पिनची जाड पांढरी पॉवर कॉर्ड येते असंही असतं, त्याला एक छोटी कन्व्हर्टर केबल लागते, स्वस्त मिळते, पण ती रायटरसोबतच मागून घ्या, नाहीतर घरी येऊन परत जळगावला गोलाणी मार्केटची चक्कर पडते. माझ्या ओळखीच्या एका शिक्षकांना एका दुकानातून काहीही न विचारता साटा रायटर दिला, त्यांचा कंप्युटर आयडीईचा, आणि बॉक्स उघडला म्हणून परत घ्यायला नकार. गिऱ्हाईकाला "केबल कोणती आहे" एवढं विचारायला दुकानदाराला असा किती वेळ लागतो?

आतला की बाहेरचा, हा प्रश्न सगळे विचारतात. कंप्युटर जुना आणि रोज डिस्क राईट करायच्या असतील तर आतलाच बरा, दणकट असतो आणि वेगही जास्त. पण घरगुती वापराला माझं मत यूएसबीवाल्याला, कारण उद्या कंप्युटर बदलला तरी तो चालतो, लॅपटॉपला चालतो, आणि नव्या बहुतेक कॅबिनेटमध्ये तर रायटर बसवायला जागाच ठेवत नाहीत. फक्त तो कॅबिनेटच्या मागच्या यूएसबीला लावा, पुढच्या पोर्टला बऱ्याचदा करंट कमी पडतो आणि मग डिस्क फिरते, थांबते, परत फिरते, लोक म्हणतात रायटरच डुप्लिकेट आहे.

बॉक्सवर २४ एक्स (हा राईट करायचा वेग) लिहिलंय म्हणून जास्त पैसे देऊ नका. कोऱ्या डीव्हीडी बहुतेक १६ एक्सच्याच असतात आणि मी तर आठच्या वर राईट करतच नाही, पाच-सहा मिनिटांऐवजी नऊ-दहा मिनिटं लागतात पण जुन्या प्लेअरमध्ये अटकत नाही. राईट झाल्यावर व्हेरिफाय करा, म्हणजे सगळं नीट उतरलं का ते तपासा, आणि डिस्क फायनलाईज करा, म्हणजे बंद करून पूर्ण करा, नाहीतर कंप्युटरवर दिसेल आणि टीव्हीखालच्या प्लेअरवर दिसणार नाही. डीव्हीडी-आर आणि डीव्हीडी+आर दोन्ही नव्या रायटरवर चालतात, पण जुन्या प्लेअरसाठी मी वजावालीच (डीव्हीडी-आर) वापरतो. लाईट जायच्या वेळी राईट करू नका, किंवा यूपीएस असू द्या, मध्येच लाईट गेली तर ती डिस्क वाया.

पण खरं सांगू का, रायटर आणल्यावर नव्या डिस्क बनवायच्या आधी जुन्या उतरवून घ्या. घरी राईट केलेल्या डीव्हीडीत रंगाचा एक सेंद्रिय थर असतो आणि त्यावर लेझरने खुणा केलेल्या असतात, तो थर उन्हाने आणि उष्णतेने खराब होतो. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो, आणि डिस्क कुठे ठेवलेल्या असतात तर पत्र्याच्या खोलीत गोदरेजच्या कपाटावर. लग्नाच्या डीव्हीडीत व्हिडीओ टीएस नावाचं फोल्डर असतं, आत एकेक जीबीच्या आतल्या व्हीओबी नावाच्या व्हिडीओ फाईल असतात, ते अख्खं फोल्डर हार्ड डिस्कवर कॉपी करा आणि दुसरी कॉपी पेनड्राईव्हवर ठेवा. पूर्ण डिस्कची एकच मोठी फाईल केली आणि ती ४ जीबीच्या वर गेली तर फॅट-३२ (फाईल साठवायची जुनी पद्धत) चा पेनड्राईव्ह ती घेत नाही, तो आधी एक्सफॅट या नव्या पद्धतीत फॉरमॅट करावा लागतो आणि फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं जातं, तेव्हा आतलं आधी दुसरीकडे काढून घ्या. एखादी डिस्क एका रायटरवर वाचली गेली नाही तर फेकू नका, दुसऱ्या कंपनीच्या रायटरवर टाकून बघा, बऱ्याचदा चालते, हे मी कितीतरी वेळा बघितलंय आणि लोकांच्या डोळ्यात पाणी आलेलं बघितलंय.

हे सगळं आत्ताच करा म्हणतो कारण कंपन्या कमी होत चालल्यात. सोनीने कंप्युटरचे रायटर बनवणं बंद करून दहा वर्षांच्या वर झाली, आणि ज्या मोझर बेअरच्या कोऱ्या डीव्हीडी आपल्याकडे गल्लोगल्ली मिळायच्या ती कंपनी २०१८ मध्ये अवसायनात गेली.

म्हणून आपल्याला दोन विनंत्या आहेत. एक, आपल्या कंप्युटरच्या पानावर आयडीई आणि साटा केबलचे दोन फोटो शेजारी शेजारी छापा, एवढ्याने कितीतरी लोकांचे पैसे वाचतील. दुसरी विनंती तालुक्याच्या वाचनालयांना. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाने जुनी कागदपत्रं आणि हस्तलिखितं जपली म्हणून आज ती आपल्याला बघायला मिळतात. तसा प्रत्येक वाचनालयाने एक यूएसबी रायटर घेऊन ठेवावा, ज्यांच्या घरी कंप्युटर नाही त्यांनी डिस्क आणि पेनड्राईव्ह घेऊन यावं आणि कॉपी करून न्यावं. अहिराणी गाण्यांच्या, भारुडांच्या, गावच्या तमाशाच्या कितीतरी घरगुती रेकॉर्डिंग अशाच पडून आहेत. अमळनेरला कोणी हे सुरू करणार असेल तर शिकवायला मी फुकट येतो, रविवार सोडून, कारण रविवारी लग्नं असतात.

आपला,
एक वाचक, अमळनेर (जि. जळगाव)