काशाची वाटी

नानाओ, जपान
१० नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फराळ पोहोचला, चकल्या थोड्या मोडल्या, पण संपल्या. मी सुखरूप आहे, आणि या वेळी हे खरे आहे.

बाबा, तुम्ही फोनवर 'समुपदेशनाची वेळ का आली' असे विचारलेत. मला वेड लागलेले नाही. १ जानेवारीच्या ७.६ तीव्रतेच्या भूकंपानंतर कित्येक महिने रस्त्याने ट्रक गेला तरी मी टेबलाखाली शिरत असे, एवढेच. गोदेला पूर आला की पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागले की छातीला, यावरून किती घाबरायचे ते आपल्याला कळते. जमिनीच्या हादऱ्याला तशी खूण नसते.

येथे एक विचित्र पद्धत आहे. निवारा केंद्रात कॉलेजची मुले गरम पाण्याचे टब घेऊन येतात, आपण त्यात पाय सोडून बसायचे, आणि समोर बसलेला मुलगा आपले हात हळूहळू चोळत राहतो. १९९५ च्या कोबे भूकंपानंतर हे सुरू झाले. तो सल्ला देत नाही, फारसे विचारतही नाही. आपण जे पुटपुटतो ते मात्र नंतर लिहून ठेवतात, म्हणजे कोणाला काय हवे ते कळते. मला प्रथम संकोच वाटला, कारण परक्याने आपल्या पायांशी बसावे हे आपल्यात बरे दिसत नाही. मग आजी काशाच्या वाटीने तळपाय चोळायची ते आठवले आणि मी मराठीतच बोलत सुटले. त्या मुलाला अक्षरही कळले नसावे.

आता सुटीच्या दिवशी मीही टब उचलते. २१ सप्टेंबरच्या अतिवृष्टीत वाजिमा आणि सुझूकडील तात्पुरत्या घरांतही पाणी शिरले. तिकडच्या एक आजीबाई म्हणाल्या, "आता पुन्हा आवरायचे," आणि नंतर गप्प बसल्या. मीही गप्प बसले. पूर्वी मला ते जमले नसते.

चाळीस हजार पाठवले आहेत. त्यातून आधी दादाचा हप्ता भरावा, छताचे मार्चमध्ये पाहू. मामांनी सुचवलेल्या सिन्नरच्या स्थळाला नकार कळवू नका, पण होकारही नको. मी एप्रिलमध्ये येते. आणखी एक, भूकंपाच्या रात्री मी मैत्रिणीकडे असल्याचे सांगितले होते, ते खोटे होते. मी शाळेच्या व्यायामशाळेत, जमिनीवर होते. आईला झोप लागावी म्हणून तसे बोलले.

तुमची,
मनीषा

ता. क. आजीची वाटी अजून माळ्यावर असेल तर ती मोडीत देऊ नये.