एकाआड एक नापास होणाऱ्या टेस्टबद्दल, ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

ऑफिसात सगळे तुम्हाला नावानं हाक मारायचे. मला ते कधी जमलं नाही, म्हणून इथेही ताईच. आभार तेव्हाच मानायला हवे होते, पण त्या दुपारी मी इतका ओशाळलो होतो की तोंडातून शब्द फुटला नाही.

पत्त्याच्या फॉर्ममध्ये पिनकोड तपासायचा होता. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत नेमके सहा अंक, एवढाच नियम. त्यासाठीचा रेजेक्स, म्हणजे मजकूर कसा असावा ते सांगणारा नमुना, मी फाइलच्या माथ्यावर एकदाच लिहून ठेवला होता आणि त्याच्या शेपटाला ग्लोबलचा जी फ्लॅग, म्हणजे ‘जुळणारं सगळं शोध’ अशी खूण होती, कुठून तरी उचललेल्या कोडबरोबर आलेली. हा कोड आपोआप तपासणाऱ्या टेस्टमध्ये तीन पिनकोड होते: सदाशिव पेठेचा ४११०३०, कोथरूडचा ४११०३८ आणि शिवाजीनगरचा ४११००५. (इथे देवनागरी अंक लिहितोय, टेस्टमध्ये इंग्रजी होते. त्याचीही एक गंमत आहे, ती शेवटी.) पहिला पास, दुसरा नापास, तिसरा पास. कोथरूड एकटं चालवलं की पास. सदाशिव पेठ दुसऱ्या नंबरवर नेली की ती नापास. दोन दिवस डोकं खाजवून मी टेस्टवर ‘रिट्राय ३’ लावलं, म्हणजे नापास झाली तर तीनदा पुन्हा चालव. सगळं हिरवं झालं आणि मी चहाला गेलो.

कोडच्या रिव्ह्यूत तुम्ही ती ओळ पाहिलीत. ओरडला नाहीत. खुर्ची ओढून शेजारी बसलात आणि विचारलंत, “हा रेजेक्स जन्माला कधी येतो, आणि किती वेळा?”

मला प्रश्नच कळला नाही. रेजेक्स म्हणजे एक नमुना, छापील साच्यासारखा, अशी माझी समजूत. तो ऑब्जेक्ट असतो आणि त्याच्या खिशात मागची आठवण राहते, हे मी कधी तपासलंच नव्हतं. तुम्ही प्रत्येक पिनकोडनंतर त्या खिशातला लास्टइंडेक्स नावाचा आकडा छापायला लावलात. सहा, शून्य, सहा. जी फ्लॅग असला की जावास्क्रिप्ट शोध जिथे संपला ती जागा तिथे लिहून ठेवते आणि पुढच्या खेपेला तिथूनच सुरू करते. सहाव्या जागेपासून मजकुराची सुरुवात शोधली तर काय सापडणार? नापास. आणि नापास झालं की लास्टइंडेक्स पुन्हा शून्यावर. म्हणून तर माझा रिट्राय ‘चालत’ होता! बग झाकायला मी बगलाच कामाला लावलं होतं.

“मग रेजेक्स फंक्शनच्या आत टाकतो,” मी म्हणालो. “टाक, पण आधी टेस्ट लिहून दाखव की आत दर वेळी नवा ऑब्जेक्ट बनतो.” लिहिली: फंक्शन दोनदा बोलावलं, दोन्ही ऑब्जेक्ट एकच आहेत का ते तीन बरोबरच्या खुणांनी तपासलं. वेगळे निघाले. तेव्हा तुम्ही सांगितलंत की जावास्क्रिप्टच्या १९९९ च्या तिसऱ्या आवृत्तीच्या नियमांत असा लिटरल, म्हणजे कोडमध्ये थेट लिहिलेला रेजेक्स, एकदाच बनायचा आणि तोच पुन्हापुन्हा मिळायचा. दर वेळी नवा, हा नियम २००९ च्या पाचव्या आवृत्तीतला. जुन्या ब्राउझरांत तुम्ही त्यापायी काय भोगलंत ते ऐकताना चहा गार झाला.

मग तुम्हाला चेव चढला आणि मलाही. तयार रेजेक्स कन्स्ट्रक्टरला, म्हणजे रेजेक्स बनवणाऱ्या फंक्शनला, ‘न्यू’ हा शब्द न लावता दिला तर तोच परत मिळतो, न्यू लावला तर कोरी प्रत, लास्टइंडेक्स शून्य असलेली. चुकीचा कंस लिटरलमध्ये असला तर फाइलच वाचली जात नाही, कन्स्ट्रक्टरला दिलेल्या स्ट्रिंगमध्ये, म्हणजे अवतरणातल्या मजकुरात, असला तर ती ओळ चालेपर्यंत सगळं शांत. सगळ्यात हसलो ते बॅकस्लॅशवर. रेजेक्समध्ये बॅकस्लॅश-डी म्हणजे ‘कुठलाही एक अंक’. स्ट्रिंगमध्ये तो दोनदा लिहायला विसरलो आणि इंग्रजी डी हे अक्षर सहा वेळा टाइप केलं, तर ते पिनकोड म्हणून पास झालं.

शेवटी रेजेक्स वरच राहू दिला, जी तेवढा काढला. एका अक्षराची दुरुस्ती, त्यासाठी तुमची अख्खी दुपार.

परवा एकाने पिनकोड देवनागरी अंकांत भरला आणि आमच्या फॉर्मने तो नाकारला. बॅकस्लॅश-डीला फक्त इंग्रजी शून्य ते नऊ कळतात, युनिकोडचा यू फ्लॅग लावला तरीही. या वेळी आधी नापास होणारी टेस्ट लिहिली, मग चौकटी कंसात ०-९ असे आपले अंकही घातले. रिट्राय कुठेच नाही.

त्या दिवशी रिट्रायची ओळ काढली तेव्हा कमिटमध्ये, म्हणजे बदलाच्या नोंदीत, कारण लिहिलं नव्हतं. नुसतं ‘काढलं’ एवढंच आहे तिथे. कारण हे असं होतं, ताई.

तुमचा,
कोथरूडवर उगाच संशय घेणारा