तुमच्या डायमधून काढलेली काडतुसाची केस रायफलच्या चेंबरमध्ये जात नाही, डाय बदलून द्या

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: .३०८ विंचेस्टर काडतुसाची फुल लेंथ सायझिंग डाय (वापरलेली पितळी केस दाबून परत मापात आणणारा साचा), केसचं शोल्डर (गोळी बसते त्या नेकखालचा उतार) मागे जात नसल्याबद्दल

नमस्कार,

पहिल्या ईमेलला तुमच्याकडून जे उत्तर आलं ते वाचून डोकंच फिरलं, म्हणून आता सगळं नीट लिहितोय. तुमचा माणूस म्हणतो डाय अजून पाव फेरा खाली घ्या, नाहीतर तुमच्या रायफलचं चेंबरच (काडतूस बसतं ती नळीतली जागा) आखूड असेल. अहो, डाय शेल होल्डरला (केसचं बूड धरणारा प्रेसचा भाग) टेकलेली आहे, टेकल्यावर खाली अजून पाव फेरा आधीच दिलाय, हँडल खाली येताना प्रेस कॅम ओव्हर होते (शेवटी घट्ट होऊन पलीकडे जाते) आणि केस आत असताना मागून टॉर्च मारली तरी डाय आणि शेल होल्डरच्या मधून उजेडाची रेघसुद्धा दिसत नाही. अजून खाली घेऊन काय प्रेस तोडू?

आणि चेंबरचं म्हणाल तर १.६३० इंचाच्या गो गेजवर (चेंबर फार आखूड नाही ना हे तपासणारं माप) बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) अलगद बंद होतो, १.६३४ च्या नो-गोवर (फार लांब नाही ना हे तपासणारं माप) होत नाही. म्हणजे चेंबर व्यवस्थित आहे, विषय संपला.

आता मापं बघा. व्हर्नियरला ०.४०० इंचाचा कंपॅरेटर (बुडापासून शोल्डरपर्यंतचं अंतर मोजायचा जोड) लावून आधी तोच गो गेज मोजला, तो शून्य धरला. फायर केलेली केस, प्रायमर (बुडातली पेट देणारी टोपी) काढून, त्याच्यापेक्षा ०.००१ इंच जास्त. तुमच्या डायमधून काढल्यावर तीच केस ०.००३ जास्त!! बोल्ट ॲक्शनला शोल्डर ०.००१ ते ०.००२ मागे जायला हवं, इथे उलट पुढे आलंय, म्हणजे सायझिंग करायच्या आधी केस जात होती आणि केल्यावर अडकते, याला काय म्हणायचं. एक्सपांडर बॉल (नेक आतून रुंद करणारा डायमधला गोळा) वर येताना नेक ओढतो असं तुम्ही म्हणाल म्हणून तोही काढून बघितला, ॲनील केलेलं (तापवून मऊ केलेलं) ब्रास घेतलं, दुसऱ्या मेकचं घेतलं, शेल होल्डर पण बदलला (दोन्ही ०.१२५ इंचाचे, मोजलेत). आकडा तोच.

कारण सरळ आहे. केस डायमध्ये शिरताना आधी बॉडी दाबली जाते, पितळ जाणार कुठे, ते वर सरकतं आणि शोल्डर पुढे जातं, मग शेवटी डायच्या शोल्डरने त्याला परत मागे रेटायचं असतं. तुमच्या डायमध्ये तो शेवटचा भाग होतच नाही. काळ्या मार्करने अख्खी केस रंगवून आत घातली, बाहेर आली तेव्हा बॉडीवरची शाई खरवडून पितळ चमकत होतं, नेकवरची पण गेली होती, आणि शोल्डरवर शाई जशीच्या तशी, एक ओरखडा नाही. डाय आतून खोल कापली गेलीय हो, अजून किती पुरावा पाहिजे.

वर सल्ला काय, तर शेल होल्डर वरून थोडा घासून घ्या. तोच शेल होल्डर मी .३०-०६ आणि .२४३ ला वापरतो, तो घासला की तिकडे डाय टेकवून सेट केली की शोल्डर गरजेपेक्षा जास्त मागे जाणार, मग केस बुडाच्या वर ताणली जाते, तिथे चकचकीत रिंग दिसायला लागते आणि एक दिवस केस तिथूनच तुटते. तुमच्या डायची चूक मी माझ्या चांगल्या पार्टवर का काढू? आणि घासल्यावर वॉरंटी गेली म्हणायला तुम्ही मोकळे. फोनवर तर एकजण म्हणाला बोल्ट जरा जोरात दाबा, बसतो. दर शॉटला जोर लावून बोल्टचे लग्ज (त्याला अडकवून धरणारे दात) खराब करून घ्यायचे आणि नेम धरलेला हलवायचा, वा. सपोर्टला बसलेल्या माणसाने निदान एकदा तरी केस सायझ केलेली असावी एवढी माफक अपेक्षा आहे.

मला दुसरी डाय पाठवा, पाठवायच्या आधी आतली खोली मोजा आणि तो आकडा सोबत लिहून द्या. ते जमत नसेल तर पूर्ण पैसे परत करा, परत पाठवायचा खर्च तुमचा. त्याच लॉटच्या बाकीच्या डाय पण तपासा, कारण एखादा नवीन माणूस तुमचं ऐकून खरंच बोल्ट ठोकत बसायचा. उत्तर लेखी द्या, फोनवर नको.

फायर केलेल्या आणि सायझ केलेल्या केसेस वेगवेगळ्या पिशवीत लेबल लावून ठेवल्यात, मार्करवाली पण आहे, डायसोबत पाठवतो. पत्ता कळवा.

आपला,
एक वैतागलेला ग्राहक