खुर्ची मापाची करून घेताना

जळगाव

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. नवी हलकी व्हीलचेअर चोपड्याला सुखरूप पोचली आणि वहिनी ती एकट्याने उचलून मोटारीत ठेवू शकतात, हे वाचून बरे वाटले. मात्र जुन्या क्रोमच्या खुर्चीपेक्षा ही ढकलायला फारशी सोपी वाटत नाही आणि अंगणातल्या भुसभुशीत मातीत पुढची चाके रुततात, या तुझ्या तक्रारीचे मला मुळीच आश्चर्य वाटले नाही. खुर्ची हलकी असणे हा तिचा अर्धाच गुण झाला. उरलेला अर्धा नटबोल्टच्या जुळणीत असतो, आणि ती जुळणी दुकानदार तुझ्या अंगाकडे पाहून करत नाही. खुर्ची मागे उलटली असा ठपका आपल्यावर येऊ नये, म्हणून तो मागच्या चाकांचा ॲक्सल, म्हणजे आस, सांगाड्यावरच्या अगदी मागच्या भोकात बसवून मोकळा होतो. त्याची काळजी खोटी नाही, पण तिची किंमत तुझ्या खांद्यांना मोजावी लागते.

म्हणून सुरुवात ॲक्सलपासून कर. मागची चाके जितकी मागे, तितका तुझ्या वजनाचा मोठा वाटा पुढच्या लहान चाकांवर पडतो. लहान चाक मातीत लवकर रुतते, खडीवर अडखळते, आणि तुझ्या धाब्याच्या घराचा उंबरा ओलांडताना ते वर उचलणे जिवावर येते. शिवाय हँडरिम, म्हणजे चाकाबाहेरची हाताने ढकलायची कडी, पकडण्यासाठी हात दर वेळी मागे न्यावा लागतो. ॲक्सल पुढे घेतला की वजन मोठ्या चाकांवर येते, खुर्ची जागच्या जागी वळते आणि एका ढकलीत लांब जाते. त्याबरोबर ती मागे उलटण्याची शक्यताही वाढते, विशेषतः रॅम्प चढताना, म्हणून एका वेळी एकच भोक पुढे घ्यावे, दोन्ही बाजूंना सारखेच घ्यावे, मागे खुर्ची उलटू न देणारे अँटी-टिपर लावलेले असावेत आणि पहिले काही दिवस चिरंजीवांना पाठीशी उभे करावे. तेवढ्यावर हात बसला की मगच पुढच्या भोकाचा विचार करावा. ज्यांचे पाय मांडीपासून काढलेले आहेत, त्यांना मात्र हा सल्ला चुकूनही देऊ नकोस. पुढे पायांचे वजन नसल्यामुळे त्यांचा ॲक्सल मागेच असावा लागतो.

उंचीचे गणित याहून नाजूक आहे. गादीवर नेहमीसारखा टेकून बस आणि हँडरिमच्या सर्वांत वरच्या बिंदूवर हात ठेव. कोपराचा कोन १०० ते १२० अंशांच्या दरम्यान असावा, असे अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेली, मज्जारज्जूला इजा झालेल्यांच्या हातांच्या जपणुकीसाठीची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. कोन मोजायला साधन नसेल तर दोन्ही हात सरळ खाली सोडून पाहा. बोटांची टोके साधारण ॲक्सलपाशी पोचली पाहिजेत. बैठक फार उंच असली तर रिमचा थोडाच भाग हाताला येतो आणि छोट्या छोट्या ढकलांनी मनगटे दुखतात. फार खाली असली तर दर ढकलीला खांदे वर उचलले जातात. हे सारे मोजताना रोजची गादीच खाली असू दे, कारण गादी बदलली की उंची बदलते आणि केलेली जुळणी वाया जाते.

आता खरी मेख सांगतो. ॲक्सलची उंची बदलली की सांगाडा पुढे किंवा मागे कलतो, आणि त्याबरोबर पुढच्या चाकांचा उभा दांडाही कलतो. तो जमिनीशी काटकोनात नसेल तर वेगात चाके थरथरतात किंवा खुर्ची वळताना जड लागते. घरातली सर्वांत सपाट फरशी निवड, ती लेव्हलने तपासून घे, सुताराकडून गुण्या माग आणि दांड्याला लावून पाहा. कॅस्टरच्या, म्हणजे या पुढच्या लहान चाकाच्या, वरचा स्क्रू सैल करून दांडा उभा करायला फार वेळ लागत नाही. मागच्या चाकांना कॅम्बर दिलेला असेल, म्हणजे ती खालून फाकलेली असतील, तर आणखी एक तपासणी हवी. ॲक्सलच्या उंचीवर दोन चाकांमधले अंतर टेपने एकदा पुढून आणि एकदा मागून मोज. दोन्ही मापे सारखी आली पाहिजेत. काही मिलिमीटरचा फरकसुद्धा खुर्चीला ब्रेक लावल्यासारखा ओढून धरतो, आणि माणूस बिचारा आपल्या दंडात ताकद उरली नाही असे समजत राहतो. रोजच्या वापराला दोन-तीन अंशांचा कॅम्बर पुष्कळ झाला. त्याहून जास्त दिलास तर तुझ्या माजघराच्या दारातून खुर्ची आत जाणार नाही.

एवढे झाल्यावर ब्रेक पुन्हा बसवावे लागतात, कारण चाक सरकले की ब्रेकचा दांडा टायरपर्यंत पोचत नाही. हे काम टायरमध्ये पूर्ण हवा असतानाच करावे. ॲल्युमिनिअमच्या सांगाड्यात बोल्ट जीव खाऊन आवळू नकोस, आटे जातात. बटण दाबून सुटणारा क्विक रिलीज ॲक्सल बसवल्यावर मधले बटण न दाबता चाक बाहेर ओढून पाहण्याची सवय वहिनींना अवश्य लाव. ते निघता कामा नये.

पायपट्टीचे थोडक्यात सांगतो. ती इतकी वर नसावी की मांड्या गादीवरून उचलल्या जातील, कारण मग सारा भार बुडाच्या हाडांवर येतो आणि तिथेच जखमा होतात. आणि इतकीही खाली नसावी की गतिरोधकाला घासेल. जमिनीपासून चार-पाच सेंटिमीटर मोकळे असले की बहुतेक ठिकाणी निभावते.

टायरच्या बाबतीत मी जरा हट्टी आहे. बाभळीच्या काट्यांना कंटाळून तू भरीव टायर घ्यायचे म्हणतोस, पण ते जड असतात, धक्के थेट अंगापर्यंत पोचवतात आणि बहुधा ढकलायलाही जास्त जोर मागतात. मी पंक्चर पत्करीन. ट्यूब-टायर आणताना बाजूवरचा आकडा वाचून घे. आपल्या खुर्चीला ३७-५४० लागतो, आणि सायकलच्या दुकानात चोवीस इंची म्हणून जो ५०७ चा टायर मिळतो तो या रिमवर बसत नाही. हवा किती भरायची तेही टायरवरच छापलेले असते. ती आठवड्याला तपास, कारण हवा कमी झाली की खुर्ची जड होते आणि ब्रेकही धरत नाहीत.

आपल्याकडच्या उन्हाचे वेगळे सांगायला नको. वैशाखात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा उन्हात उभ्या केलेल्या खुर्चीचा सांगाडा तापलेला असतो आणि तुझ्या पायांना चटका बसला तरी ते तुला कळणार नाही. बसण्यापूर्वी हाताने चाचपून पाहा आणि ओल्या फडक्याने पुसून घे. कापूस घरात येतो त्या दिवसांत पुढची चाके काढून पाहिलीस, तर चाक धरून ठेवणाऱ्या फोर्कच्या आत, बेअरिंगच्या दोन्ही अंगांना, केस आणि कापसाचे तंतू ग्रीसमध्ये मळून घट्ट काळे कडे झालेले दिसेल. ते ब्लेडने कापून चिमट्याने ओढून काढावे. पाण्याच्या फवाऱ्याने धुतलेस तर घाण आणखी आत जाते. बेअरिंग खरखरत असेल तर बदलून टाक. पुष्कळ खुर्च्यांच्या पुढच्या चाकांत ६०८ नंबरचेच असते आणि ते जळगावात सहज मिळते, पण आधी त्याच्यावरचा नंबर वाचून मला कळव.

घडीची व्हीलचेअर जगभर पोचवली ती दोन अभियंता मित्रांनी. खाणीतल्या अपघातानंतर चालता न येणाऱ्या हर्बर्ट एव्हरेस्ट यांच्यासाठी हॅरी जेनिंग्ज यांनी १९३३ साली ती तयार केली. पुढे १९७८ मध्ये ग्लायडर कोसळून जायबंदी झालेल्या मॅरिलिन हॅमिल्टन यांच्यासाठी त्यांच्या मित्रांनी ग्लायडरच्याच ॲल्युमिनिअमच्या नळ्यांची हलकी खुर्ची बांधली. खुर्च्या अशा मित्रांच्याच हातून सुधारत आल्या, तेव्हा मीही पाना घेऊन आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तुझ्याकडे येतो. तोवर ॲक्सल एक भोक पुढे घेऊन बघ, आणि बाजूने काढलेला फोटो पाठव. त्यात तू गादीवर बसलेला असावास आणि हात रिमच्या वरच्या बिंदूवर असावा. ॲलन कीचा संच माझ्याकडे आहे, फक्त गुण्या सुताराला परत देऊ नकोस.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
जळगावचा मित्र