मनू, पोटभर जेव

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तुझ्या खाण्याचा विषय काढला की तू ‘हो बाबा, खाते नीट’ म्हणतेस आणि ऑफिसचं काहीतरी सांगायला लागतेस. म्हणून लिहायला बसलो. तुझी आई रोज विचारते, मनू वाळत का चाललीय? मला वाटतं, स्वादुपिंडाच्या दुखण्यानं वाळत नाहीस तेवढी तू धास्तीनं वाळतेयस. मऊ भात, पातळ वरण, ताक, पुन्हा मऊ भात. आजारातून उठताना हे ठीक होतं, पण वयाच्या सव्विसाव्या वर्षी जन्मभर एवढ्यावर राहायचं नाही.

तुझी भीती मला कळते. कळ पाठीपर्यंत जायची आणि तू पलंगावर पुढे वाकून बसून राहायचीस, ते मी बघितलंय. घासामागून असं दुखणं आलं की माणूस घासालाच घाबरतो. पण स्वादुपिंडाचं काम काय ते जरा आठव. जठराच्या मागे असलेली ती ग्रंथी स्निग्ध पदार्थ, पिष्ट आणि प्रथिनं पचवणारे रस करते, शिवाय इन्सुलिनही. तिथला रस आतड्यात जाऊन कामाला लागायच्या ऐवजी ग्रंथीतच लागला की सूज येते. सूज वारंवार आली तर रस कमी पडायला लागतो, खाल्लेलं अंगी लागत नाही. अशा वेळी कमी खाणं हा उपाय होऊच शकत नाही. आधीच गळती, त्यात आपण भरणंही थांबवायचं?

तुला याद्या देणारे पुष्कळ भेटले. आत्यानं डाळ बंद सांगितली, शेजारच्या काकूंनी गहू, कुणी फॉरवर्डमध्ये कच्च्या भाज्यांचा रस. या सगळ्यांचं मन चांगलं आहे, पण पोट तुझं आहे. आहारतज्ज्ञ बाईंनी आपल्याला सांगितलं होतं ते मी लिहून ठेवलंय: युरोपातल्या पोषणतज्ज्ञांच्या संस्थेनं 2020 साली जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिसच्या, म्हणजे तुझ्यासारख्या स्वादुपिंडाच्या जुनाट सुजेच्या, सगळ्याच रुग्णांना तेलतूप तोडायला सांगितलेलं नाही. पाचक रसाच्या कॅप्सूल नीट घेऊनही चरबी पचत नसेल, तरच ती कमी करायची. फार चोथ्याचं खाणं मात्र टाळायला सांगितलंय, कारण चोथा त्या कॅप्सूलच्या कामात आडवा येतो. म्हणजे कच्च्या भाज्यांचा तो वाडगा, जो तू ‘हेल्दी’ म्हणून खातेस, तोच तुझ्यासाठी जड असू शकतो.

तेव्हा एक वही कर. नवा पदार्थ एका वेळी एकच, तोही थोडा, दुपारच्या जेवणात. मग दोन-तीन दिवस दुसरं काही नवीन नको. काय खाल्लं, किती, तेल किती, कॅप्सूल कधी घेतली, आणि नंतर पोट कसं होतं, एवढं लिही. शौचाचंही लिही, लाजू नकोस. फिकट, तेलकट, फार वास येणारं, पाण्यानं सहज न जाणारं असेल तर चरबी न पचता बाहेर पडतेय, हे डॉक्टरांना सांगायचं. एखादा पदार्थ बाधला तर त्याच्या नावावर कायमची फुली मारू नकोस. तो किती खाल्ला, कशात शिजवला, मधे किती तास उपाशी होतीस, ते आधी बघ. सकाळी काही न खाता गोरेगावहून निघायचं आणि तीन वाजता एकदम भरपेट जेवायचं, यात दोष भाजीचा नसतो. पाच-सहा वेळा थोडं थोडं खा.

मोजायला शीक. छोटा चमचा तेल म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम चरबी, तूपही जवळपास तेवढंच. दुधाच्या पिशवीवर वाचत जा: फुल क्रीममध्ये किमान 6 टक्के, टोन्डमध्ये 3, डबल टोन्डमध्ये 1.5. पेलाभर दुधात हा फरक बारा ग्रॅम विरुद्ध तीन ग्रॅम होतो. आणि उपवासाची साबुदाण्याची खिचडी ‘हलकी’ म्हणून खाऊ नकोस. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेलच असतं, वर फोडणीचं वेगळं. चहाबरोबरच्या खारीचंही तेच, ते पापुद्रे सुटतात ते तुपाडालड्यामुळे. कुरमुरे खा, शेव-फरसाण न घालता.

मासे सोडलेस याचं मला सगळ्यात वाईट वाटतं. मासे न खाता आपल्या घरात कुणी मोठं झालं नाही. भांडुप स्टेशनबाहेर आपल्या मावशी अजून विचारतात, पोरगी कुठाय? त्यांच्याकडून परवा बोंबील आणले आणि तुझ्यासाठी म्हणून करून बघितले. बोंबलात चरबी अगदी थोडी, अंगचं पाणीच जास्त. डोकं-शेपूट काढून तुकडे केले, हळद-मीठ, ठेचलेली लसूण, बेडगी मिरचीची थोडीशीच पूड, कोकमाची चार आमसुलं. पातेल्यात एक चमचा तेल, लसूण परतली, वर बोंबील टाकले आणि झाकण ठेवलं. पाणी घालावंच लागलं नाही. पाचेक मिनिटांत तिखलं झालं, डावानं न ढवळता पातेलं नुसतं हलवायचं, नाहीतर लगदा होतो. नारळाचं वाटण नव्हतं तरी आईनं दोनदा घेतलं. कोळंबीही अशीच चालेल. बांगडा आणि तारली तेलकट, ते नंतर, अर्ध्या तुकड्यानं सुरू करू. सोलकढीऐवजी नारळाच्या दुधाशिवायची फुटी कढी. नारळ कायमचा गेला असं समजू नकोस, तोही एक दिवस वहीत येईल.

कॅप्सूलचं पुन्हा सांगतो, कारण परवा तू जेवण झाल्यावर घेतलीस. ती अन्नात मिसळली पाहिजे. पहिल्या घासाबरोबर घ्यायची, जेवण लांबलं तर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे दुसरी मधे. चावायची नाही, गरम चहाबरोबर नाही. मधल्या खाण्यालाही वेगळा डोस असतो, तो पुढच्या वेळी विचारून घेऊ. स्वयंपाकाला वेळ नसेल तेव्हा तुझ्या गल्लीतल्या पोळीभाजी केंद्रात सांगून ठेव: पोळीला तेल नको, भाजी कोरडी द्या, उसळीचा वरचा तवंग काढून द्या. त्या बाया ऐकतात, सांगायला संकोच करू नकोस.

दारू आणि सिगरेट मात्र ‘थोडं करून बघू’ यात कधीच येत नाहीत. तू घेत नाहीस, मला माहीत आहे. लग्नाकार्यात ‘पॅन्क्रियाटायटिस? म्हणजे पिते की काय?’ असं कुजबुजणाऱ्यांचा मला फार राग येतो. पित्ताचे खडे, रक्तातले वाढलेले ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी, ‘स्पिंक-1’सारख्या जनुकातले बदल, कारणं कितीतरी आहेत, आणि आपल्या देशात दारूला कधी न शिवलेले या आजाराचे रुग्ण पुष्कळ आहेत. कुणी विचारलं तर मान खाली घालू नकोस.

पोट फुगलं, गुडगुडलं तर वहीत लिही. पण कळ पाठीत जायला लागली, उलट्या थांबेनात, ताप आला, डोळे पिवळे दिसले, तर वही बाजूला ठेव, काही खाऊ नकोस आणि मैत्रिणीला घेऊन सरळ हॉस्पिटल गाठ. मला रिक्षातून फोन केलास तरी चालेल, घरून निघायची परवानगी मागत बसू नकोस.

शनिवारी येताना वही आण आणि साखरेचा व व्हिटॅमिन डीचा रिपोर्टही, दोन्ही या महिन्यात करायचे होते. मावशींना बोंबील बाजूला ठेवायला सांगितलंय. ताजे नसले तर कोळंबी घेईन. भात तुझ्यापुरता थोडा मऊ काढतो, पण तिखलं सगळ्यांचं एकच.

तुझा,
बाबा